घोडा राहिला आणि सांबर आलं

तीर्थस्वरूप रॅग्नाताईस,

धाकट्या आर्विडचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? तिकडे टेक्सासात अंगणात भाकरी भाजून निघत असेल. इथे उत्तरेत जून उजाडला तरी माझ्या लोकरी मोज्यांना अजून सुट्टी मिळालेली नाही. मागच्या दारी आंबट दांड्यांचं र्‍हुबार्ब माजलंय, पण त्याचा मुरंबा घालणारी तुझी भावजय बर्निस देवाघरी गेल्यापासून मी ते कच्चंच चघळतो आणि तोंड वाकडं करतो. ईस्टरला तू फोनवर विचारलंस, कायमची येऊन राहू का म्हणून. मी म्हणालो, कशाला उगाच त्रास, माझं चाललंय. तू ‘बरं’ म्हणून फोन ठेवलास. तेव्हा तो विषय संपला. हे पत्र बाबांच्या रिव्हॉल्व्हरबद्दल आहे.

तुला माझा उजवा अंगठा ठाऊक आहेच (बारा पिढ्यांच्या गायी एकट्याने पिळल्यासारखा दुखतो). बाबांचं रिव्हॉल्व्हर जुन्या पद्धतीचं, प्रत्येक गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. आमच्या क्लबात आम्ही म्हातारे जुन्या काळच्या गुराख्यांसारख्या टोप्या घालून लोखंडी पाट्यांवर नेम धरतो, नावंही घेतलीत (मी ‘खुनशी हेरिंग’, आपला खारवलेला मासा तोच, हसू नकोस). नियम एकच, ज्याला पाच गोळ्या उडवणं जमेना त्याच्या हाती घड्याळ देतात. मग तो दुसर्‍यांच्या वेळा मोजत बसतो. ज्यांच्या हाती घड्याळ गेलं त्यांच्यापैकी कुणी परत रांगेत आलेला मी पाहिला नाही. आणि ताई, बर्निस गेल्यापासून महिन्यातला तो एक शनिवारच मला माणसांत नेतो. म्हणून ठरवलं, घोडा थोडा खाली वाकवून रुंद करून घ्यायचा, म्हणजे दुखरा अंगठा पोचेल. एवढंच काम होतं. पुन्हा सांगतो, एवढंच.

गावात रॉइस टॅकेट नावाचा बंदुकांचा कारागीर आलाय. तुझ्याच टेक्सासचा, आपल्या गावच्या लव्हॉनचा नवरा, काही वर्षं तिकडे संसार करून आता इथे थंडीत येऊन पडलेला. माणूस सोन्यासारखा. मी गेलो तेव्हा कॉफीचं भांडं उकळत होतं. ‘घेणार?’ म्हणाला. मी रीतीप्रमाणे म्हणालो, नको नको, तुमच्यासाठीच असेल. तर त्याने स्वतःचा पेला भरला आणि भांडं खाली ठेवलं! मी दुपारभर त्या भांड्याकडे बघत बसलो. मग त्याने रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, माझा अंगठा पाहिला आणि आपण होऊन म्हणाला, ‘काका, हा घोडा खाली घ्यायला हवा. घेऊ?’ माझ्या मनातलंच बोलला. मी म्हणालो, छे, तुम्हाला कशाला एवढा खटाटोप. ‘बरं,’ म्हणाला आणि पुढे गेला. मी दुसर्‍यांदा विचारायची वाट बघत राहिलो. त्याने विचारलं ते भलतंच, ‘शिंगाची मूठ बसवू?’ आता लागोपाठ तिसर्‍यांदा नाही म्हटलं तर माणसाला वाटायचं आपल्याशी भांडायलाच आलाय. मी म्हणालो, वेगळीच दिसेल हो. (आपल्या घरात याचा अर्थ काय होतो ते तुला सांगायला नको. आत्याने गाजराचं जेली घालून लोणचं केलं होतं तेव्हा ते न चाखता आई हेच म्हणाली होती.) रॉइसचा चेहरा उजळला. मग नळीवर सांबर कोरू का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, असतात बुवा काही लोकांना आवडी. ‘झालं तर मग,’ म्हणाला.

मे महिन्यात रॉइस रिव्हॉल्व्हर घेऊन घरी आला. मूठ शिंगाची, पोलाद मोराच्या मानेसारखं निळं, नळीवर शिंगं उगारलेलं सांबर. घोडा होता तसाच. मी ते उलटंसुलटं करून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. दुसर्‍या कुणाचं आलं की काय, असंही वाटलं, पण बाबांनी कुंपणाचे खिळे ठोकून पाडलेला खळगा मुठीखालच्या पोलादावर होता. रॉइसने उत्सुकतेने विचारलं, कसं झालंय? आता काम खरंच देखणं होतं, म्हणून मी माझ्याजवळची सर्वात मोठी शाबासकी दिली. म्हणालो, वाईट नाही. तर त्याचा चेहरा पडला! मला काही कळेनासंच झालंय. नावं ठेवली की हा खुलतो आणि कौतुक केलं की कोमेजतो.

शनिवारी सगळे सांबर बघायला जमले. चार गोळ्या मी दोन्ही हातांनी ओढाताण करून उडवल्या. पाचव्या वेळी अंगठ्याने साफ नकार दिला आणि मी तसाच उभा राहिलो. सगळे एकदम हवापाण्यावर बोलू लागले, ते फार लागलं. घड्याळवाला ऑर्लिन हळूच म्हणाला, ‘आर्विड, माझे डोळे गेले रे. घड्याळ तू धरतोस का?’ मी नको म्हणालो. रविवारी चर्चच्या पायर्‍यांवर त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हणालो. ऑर्लिन आपल्यातला आहे, ताई. तो तिसर्‍यांदा विचारणार, आणि तिसर्‍यांदा नाही म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

त्याच दिवशी चर्चच्या तळघरातल्या जेवणात मी लव्हॉनला आडून आडून घोड्याचं सांगितलं. ती हसून हसून बाकावर बसली. म्हणाली, ‘अरे आर्विड, त्याच्याकडे नको म्हणजे नको. लग्न होऊन मी टेक्सासात गेले, सासूने बटाटे पुढे केले, मी नको म्हटलं, तिने उचलून नेले. पहिलं वर्ष मी अर्धपोटी काढलं. शेवटी एकदा रडले तेव्हा कळलं त्यांना.’ मी विचारलं, मग सरळ हो म्हणायचं? पहिल्याच वेळी? ‘हो,’ म्हणाली. मी घरी येऊन आरशासमोर करून पाहिलं. जमत नाही. हावरटासारखा दिसतो मी.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जप.

तुझा,
आर्विड

ता. क. तू रॉइसला फोन कर. त्याच्या मुलखाची आहेस, तुला तोंडावर बोलता येतं. ‘आर्विडचा घोडा खाली घे’ एवढंच सांग, आणि ऑर्लिनने गाठायच्या आत सांग. सांबराबद्दल काही बोलू नकोस. जेवताना मी ते समोर ठेवतो, तेवढीच सोबत होते.

ता. क. दुसरा. वरची खोली झाडून ठेवली आहे. खिडकी आता नीट लागते. सहज सांगितलं.

ता. क. शेवटचा. ताई, ईस्टरचं ते माझं पहिलं ‘नको’ होतं. इतकी वर्षं तिकडे काढलीस, विसरली असशील म्हणून लिहितो. रविवारी जेवण झाल्यावर मी घरीच असतो. फोन करून परत विचार. मी नको म्हणेन. फोन ठेवू नकोस.