पाच हजारांवर थांबा

१८ नोव्हेंबर
आले एकदाची! भालकीहून सकाळच्या बसने हुमनाबाद, तिथून रिक्षाने टॉवर. विमानतळ अगदी लहान, माळावर. एक धावपट्टी, चारी बाजूंनी तुरीची रानं आणि लाल माती. टॉवरच्या काचेतून अख्खा मुलूख दिसतो. खोलीही छान मिळाली, माडीवरची. मालकीणबाई भागम्मा एकट्याच असतात. मी मराठीत विचारलं की त्या कन्नडमध्ये सांगतात आणि मग दोघी दोन्हींत बोलतो. रात्री भाकरी आणि शेंगाची चटणी वर पाठवून दिली.

इथे रडार नाही. वैमानिक आपली उंची आणि अंतर रेडिओवर सांगतात आणि आम्ही ते डोक्यात धरून ठेवायचं. उतरायला दोन विमानं एकदम आली तर एकाला खाली घ्यायचं आणि दुसऱ्याला हजार फूट वर घिरट्या घालायला लावायचं. काम एवढंच. पण हे हजार फूट चुकले तर आभाळात दुसरं काही वाचवणारं नाही. सुनीलकुमार आणि मी आळीपाळीने बसणार. श्रीपतअण्णा सगळ्यांत जुने, पण ते माइक घेत नाहीत, हवामानाच्या नोंदी तेवढ्या करतात. घसा पार बसलेला आहे त्यांचा.

२३ नोव्हेंबर
आज हात बसला. शिकाऊ वैमानिकांची दोन विमानं वर होती आणि त्यात गाणगापूरला जाणाऱ्या भाविकांना घेऊन पुण्याहून तिसरं आलं. एकाला चार हजारांवर, एकाला पाच हजारांवर थांबवलं आणि पुणेकरांना सरळ उतरवलं. आवाज एकदाही कापला नाही.

सुनीलकुमारच्या बायकोचे दिवस भरलेत, तो उद्यापासून रजेवर. बदली माणूस येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ मीच. होईल की.

२९ नोव्हेंबर
बदली माणूस आला नाही. दत्तजयंती जवळ आली म्हणून फेऱ्या वाढल्यात. घरी येते, जेवते की नाही तेही आठवत नाही. डोळे मिटले तरी आकडेच. चार हजार, पाच हजार.

आज दुपारी बसल्या जागी डोळा लागला. किती वेळ, देव जाणे. जाग आली ती एका वैमानिकाच्या आवाजाने. तो म्हणत होता, छान सांभाळलंत मॅडम, धन्यवाद. खाली पाहिलं तर दोन्ही विमानं उतरून उभी. मी काहीच सांगितलं नव्हतं. अण्णा खाली हवामानाच्या खोलीत होते. झोपेतच बोलले असेन का? लाज वाटली. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

३ डिसेंबर
आज मी जागी होते. चहाचा कप तोंडाला लावलेला. हेडसेटमध्ये एका वैमानिकाने उंची विचारली आणि उत्तर गेलं, पाच हजारांवर थांबा. माझ्या आवाजात. माझा श्वास घेण्याचा ढंगसुद्धा तोच. आकडा बरोबर होता, मीही तोच दिला असता.

अण्णांना जाऊन सांगितलं. ते दचकले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "त्याला बोलू दिऊ नको, पोरी. दमलेल्या माणसाला ते बरं वाटतंय. मला बी वाटलं होतं."
मी विचारलं, मग काय झालं?
"मग त्याला माझी गरज न्हाई ऱ्हायली."
इथून गेला का नाहीत, म्हटलं.
"गेलतो की. दोन वर्सं कलबुर्गीला होतो. आवाज हितंच ऱ्हायला."

६ डिसेंबर
ठरवलं होतं, त्याला एक शब्द बोलू द्यायचा नाही. तीन दिवस पाळलं. तो बोलायच्या आत मी बोलायची. पण वरिष्ठांकडून आजही तेच उत्तर, माणूस नाही, जमवून घ्या. दुपारनंतर मान धरवेना. हेडसेट काढून टेबलावर ठेवला आणि डोकं खाली टेकलं. तो बोलत राहिला, मी ऐकत झोपले. इथे आल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

विमानं सगळी नीट उतरली. अण्णा माझ्याकडे बघेनात.

८ डिसेंबर
आज त्याने चुकीचा आकडा दिला.
पूर्वेकडून भाविकांचं विमान, पश्चिमेकडून शिकाऊ. दोघांनाही चार हजार. मी ओरडले, एकाला वर जायला सांगितलं. कोणी ऐकलं नाही. त्यांनी विचारलं, नक्की चार हजार? मी नाही म्हटलं. हेडसेटमधून गेलं, हो, नक्की. शांतपणे.

ओरडणं ऐकून वर आलेल्या अण्णांनी सिग्नलचा दिवा उचलला आणि शिकाऊवर लाल मारला. त्याने शेवटच्या क्षणी पंख कलता केला. दोन्ही एकमेकांना घासूनच गेली. दुर्बिणीतून भाविकांच्या विमानाच्या खिडकीत एक बाई तोंडावर हात दाबून बसलेली मला दिसली.

दोन्ही वैमानिक नंतर वर आले. तुम्हीच सांगितलंत, म्हणाले. टेप लावली. मीच होते.

९ डिसेंबर
उठले तर आवाज नाही. घोगराही नाही. फक्त हवा. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. म्हणाले, काहीच झालेलं नाही, झोप काढा. रजेचा अर्ज पाठवला. सुनीलकुमारने उद्या येतो म्हणून कळवलंय. भागम्मा म्हणाल्या, "कामून असं जीव काढून करायलीस गं?" मान हलवली. आणखी काय करणार.

१० डिसेंबर, सकाळ
सुनीलकुमारचा मेसेज. मॅडम, रजेवर असून आलात, उपकार झाले, मी दुपारी येतो.
मी लिहिलं, मी घरी आहे. टॉवरमध्ये कोणी नाही. विमानं परत पाठवा.
तो म्हणतो, चेष्टा नको. आत्ताच तर फोनवर बोललो तुमच्याशी.
परत लिहिलं. बघत नाही. अण्णा फोन उचलत नाहीत —

भागम्मासाठी कागदावर लिहिलंय. टॉवरला चला, लगेच. त्या बोलतील, माझ्या वतीनं —
जिन्यावर त्यांचीच पावलं. दार वाजवलं. "उठलीस का गं, मंजुश्री?"
मी उठायच्या आत खोलीतूनच उत्तर गेलं. माझ्या मागून.
"झोपायलेय अक्का. जावा तुम्ही."
पावलं खाली चालली. मागे बघवत नाही —

कडी काढली. जिना रिकामा. खाली मागचं दार लागल्याचा आवाज. हाक मारते, नुसती हवा —
खिडकीत उभी आहे. पूर्वेकडून एक विमान येतंय. भाविकांचं. पश्चिमेकडूनही —
कानाशी कोणीतरी हळूच आकडा सांगतंय. माझ्याच आवाजात —
दोघांनाही तोच —