फोटोच्या पाठीला कानस

ती. स्व. भिकाअक्कास,
वसमतहून तुझ्या धाकट्या भावाचा, रामप्रसादचा दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या गावच्या धरणावरचं वारं त्यांना सोसत न्हाई, असं तूच मागं म्हणाली होतीस (की मी म्हणालो होतो, लक्षात न्हाई). आमी खुशाल.

सीमा पहिल्या बाळंतपणाला आली आहे. रिकामं बसवत न्हाई म्हणून लेकरासाठी घराण्याच्या आठवणींची वही करून राहिली. फोटो, लग्नपत्रिका, एसटीची जुनी तिकिटं, सगळं डकवायचं. आठवणी सांगायचं काम माझ्याकडं. आता ट्रकच्या कोणत्या चाकातून हवा जाते ते मला गल्ल्यावर बसून ऐकू येतं, पंक्चरच्या टपरीचं टायरचं दुकान त्याच कानांवर झालं. पण नावं अन् चेहरे डोक्यात थांबत न्हाईत. म्हटलं, निदान डकवायचं तरी नीट करू. दुकानातलं पंक्चर चिकटवायचं सोल्युशन आणलं. ते धरायचं तर आधी जागा घासावी लागते, ही तीस वर्षांची सवय. एकेका फोटोची पाठ कानशीनं घासली अन् दाबून बसवला. वही फाटेल, फोटो निघणार न्हाई. संध्याकाळी सीमा म्हणाली, "बाबा, मागं आजोबांनी नावं लिहिली होती ना?" होती. कानशीवरची निळी भुकटी मी फुंकून टाकली होती.

त्यातच आई अन् काकूचा तो स्टुडिओतला फोटो. दोघींना एकाच ताग्याची लुगडी, पदर कपाळापर्यंत. सीमानं विचारलं, आजी कोणती? आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. पण बापानं अडखळणं बरं दिसत न्हाई, म्हणून डावीकडं बोट ठेवलं. पोरीनं डावीकडची तेवढी मोठी करून आणली, बैठकीत लावली, वर हार घातला. रविवारी तिचं डोहाळजेवण आहे, तू यावंस.

तुझा,
रामप्रसाद

ता. क. : खरं काम असं, तू शनिवारीच ये अन् डावी की उजवी ते माझ्या कानात सांग. (फोन करू नको, सीमा ऐकते.) रविवारी आखाडा बाळापूरहून काकू साडीचोळी घेऊन येणार. जित्या माणसाच्या फोटोला हार निघाला, तर मी तोंड कुठं लपवू?

आणखी एक : पाकीट चिकटवून राहिलो होतो, तेवढ्यात काकू आली, चार दिवस आधीच. हारासमोर पुष्कळ वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ही मी हाय, रामप्रसाद. राहू दे, शोभून राहिलाय. पण आता जाऊबाईचा बी मोठा कर." अन् वहीतल्या उजव्या बाईवर बोट ठेवलं. दुकान उघडायची वेळ टळून गेली, वही अजून मांडीवरच आहे. तरी तू शनिवारी येच. आईचा आवाज कसा होता, ते काकूला विचारलं, तर म्हणते, भिकीला विचार.