बाबांचा लेथ आणि पडद्यावरचा हीरो

४ फेब्रुवारी, देवास
बाबांबरोबर सिनेमा बघणं म्हणजे शिक्षा! रविवारी धारच्या मराठी मंडळात मला ‘जुन्या सिनेमातला कामगार’ यावर बोलायचंय, म्हणून एक कृष्णधवल सिनेमा लावला. हीरो लेथवर घाम गाळत गातोय. पाचव्या मिनिटाला बाबांनी थांबवायला लावला. “बाह्या मोकळ्या सोडून लेथवर? हात जाईल त्याचा. आणि जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, कुठाय? नुसतंच फिरवतोय.” एकतीस वर्षं कंपनीत लेथ चालवलाय त्यांनी. गाणं सोडाच, साधी शिट्टीही वाजवली नाही म्हणे.

६ फेब्रुवारी
आज टाळेबंदीचा सीन. हीरोची आई रिकामा डबा उघडून रडते. मला भरून आलं. बाबा — “आमच्याकडे टाळं लागलं तेव्हा तुझ्या आईने सात महिने शिकवण्या केल्या. रडायला वेळ कुणाला होता?” आई स्वयंपाकघरातून — “रडले होते. तुम्ही घोरत होतात.”
मी म्हटलं, बाबा, धारला तुम्हीच बोला ना. “मी नाही,” म्हणत उठूनच गेले.

७ फेब्रुवारी
आईने कारण सांगितलं. धारच्या नातेवाइकांत बाबा ‘कंपनीत साहेब’ आहेत! पूर्वज धारच्या दरबारात अधिकारी. घरातला मुलगा मशीनवर उभा राहतो हे सांगणार कसं? म्हणून थोरल्या काकांकडे, तात्यासाहेबांकडे जाताना बाबा नखांतलं काळं लिंबाने घासायचे आणि खिशाला दोन पेनं लावायचे. आधी हसू आलं, मग राग. नक्की कुणाचा, ते कळेना.

११ फेब्रुवारी, धार
मी सिनेमाचा तुकडा दाखवला आणि म्हणाले, “किती खरा वाटतो हा कामगार!”
“साफ खोटा आहे,” मागून बाबा. उभेच राहिले. “असा कुणी लेथ चालवत नाही. मी एकतीस वर्षं चालवलाय.”
सगळ्या माना मागे वळल्या. तात्यासाहेबांचा शेजारी भगवंत म्हणाला, “काका, आप तो साहब थे ना?”
“नहीं भिया, टर्नर था.”
पहिल्या रांगेतले तात्यासाहेब चहा न घेताच गेले. बाबांनी परतताना दोन कचोऱ्या खाल्ल्या. मी माझी तशीच पुड्यात गुंडाळून ठेवली. सत्तरीत भाऊ तुटला तर?

१२ फेब्रुवारी
सकाळी तात्यासाहेबांचा फोन, स्पीकरवर. “भास्कर, मला ठाऊक होतं. शहाऐंशी साली तुला भेटायला देवासला आलो होतो. गेटवर तू तेलकट कपड्यांत दिसलास. मी रस्त्यापलीकडूनच परत फिरलो. चुकलो रे.”
बाबांनी फोन जवळ ओढला. मग म्हणाले, “मी पाहिलं होतं तुम्हाला.”