पहिल्या पानावरची डरकाळी

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमच्या दैनिकानं माझा फाँट घेतला! नाव ठेवलंय 'डरकाळी'. अक्षरं जाडजूड, पण अंग चोरून एकमेकांना चिकटून उभी, त्यामुळे हाताच्या पंजाएवढ्या अक्षरातही अख्खा मथळा एका ओळीत बसतो. पानभर मजकुरासाठी नाही हं, फक्त मथळ्यांसाठी.

वाचकांना आवडला तर बाकीच्या आवृत्त्यांनाही लावू, असं तुझे संपादक म्हणाले. तसं झालं तर साबणाची वेष्टणं रंगवायची ही नोकरी मी सोडीन. पहिलं पान तूच लावतेस, तेव्हा हात आखडता घेऊ नकोस. आईला दाखव. तोंड धुवायच्या आधी ती पेपर उघडते, तिच्याइतका खरा वाचक कुठे मिळणार?

तुझ्या कौतुकावर टपून बसलेला,
धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

माकडाच्या हाती कोलीत दिलंस बाबा. परवा भाजी स्वस्त झाली, तर संपादकांनी ती डरकाळीत छापली. समोरच्या वकिलीणबाई युद्ध पेटलं समजून दाराला कडी घालून बसल्या. काल वाचनालयाला नवा पंखा मिळाला, तेही डरकाळीत. तुझ्या 'ष' नि 'ध'ची पोटं शाईनं भरून जातात. छापखान्यातले मास्तर म्हणतात, या अक्षरांना श्वास घ्यायला एक खिडकी तरी ठेवायची होती.

मी संपादकांना म्हटलं, हे मोठ्या बातमीसाठी राखून ठेवू. तर म्हणे, आपल्याकडे प्रत्येक बातमी मोठीच असते.

आईनं पहिले काही दिवस दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना पान दाखवलं. आता ती पहिलं पान मुडपून थेट आतलं उघडते. सकाळी सकाळी पेपर अंगावर खेकसतो, म्हणते. तूच संपादकांना लिही. फाँट तुझा आहे, तुझं ऐकतील.

थट्टा केली तरी माया तीच आहे, हे ध्यानात ठेव.
तुझी ताई

३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इतकी वर्षं पेपरात काढलीस आणि मोठ्या आवाजाला घाबरतेस? बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. संपादकांना मी काय लिहू, माझा माल जरा कमी वापरा म्हणून? असं कुठला दुकानदार सांगतो? आणि आईचं काय, तिला आमचं काहीच पहिल्या झटक्यात आवडत नाही. सवय होईल.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.
धाकटा

१७ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आई इस्पितळात आहे. तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र रात्रीच्या बसवाल्याच्या हाती देतेय. आधी पूर्ण वाच, मग निघ.

सोमवारी दुपारी कळलं की आपल्या भागातल्या नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलंय. मथळा मीच लावला, 'नळाचं पाणी पिऊ नका'. डरकाळी, सगळ्यात जाड, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आईकडे जाऊन सांगावं असं मनात आलं होतं, मधे दोनच गल्ल्या. पण कामाचा रगाडा होता. म्हटलं, उद्या वाचेलच, आंधळ्यालाही दिसेल असं अक्षर आहे.

आईनं तो अंक न वाचताच स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरला, मथळा वर करून. त्यावर पिण्याच्या पाण्याचं भांडं ठेवलं. नळाचं पाणी भरून. आणि दोन दिवस तेच प्यायली.

मी विचारलं, अगं, दिसलं कसं नाही? तर म्हणाली, रोज मरे त्याला कोण रडे. तिला वाटलं, पुन्हा भाजीच स्वस्त झाली असेल.

सलाईन लावलंय. मूत्रपिंडावर ताण आलाय, आजची रात्र नीट गेली पाहिजे, असं डॉक्टर म्हणतात. मला फार भीती वाटते रे.

संपादक पुरुषांच्या वॉर्डात आहेत. आपल्याच पेपरचा मथळा त्यांनीही वाचला नव्हता. त्यामुळे काल मला विचारणारं कुणी नव्हतं. मी पहिलं पान सगळं कोरं सोडलं आणि मधोमध छोट्या जाहिरातीच्या अक्षरात एक ओळ लावली. नळाचं पाणी पिऊ नका, टँकर चौकात उभा आहे. आज सकाळी चौकात बादल्या घेऊन माणसांची ही रांग! वकिलीणबाई सगळ्यात पुढे.

ये लवकर.
ताई

१८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन लागत नाही. उद्याच्या गाडीनं येतोय, ही चिठ्ठी आजच तिकडे निघालेल्या मित्राबरोबर पुढे पाठवतोय. आई बोलते का, एवढं स्टेशनवर कुणाकरवी तरी कळव. संपादकांना लिहिलंय, डरकाळी रोज वापरायची असेल तर माझा फाँट परत द्या. बाकीच्या आवृत्त्या गेल्या खड्ड्यात.

माझ्यावर जेवढं ओरडायचं तेवढं ओरड.
धाकटा

१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

मी बरी आहे. सलाईन काढलं. ताई तुला आणायला स्टेशनवर निघाली आहे, तिच्याच हाती ही चिठ्ठी देते. येताना चेहरा पाडून येऊ नकोस, मला आणखी रोगी नको आहेत.

तुझं अक्षर चांगलं आहे. उगाच फाडाफाडी करू नकोस. पण एक ऐक. लहानपणी तू दिवसभर भोकाड पसरायचास, मी ढुंकून बघत नसे. तू एकदम गप्प झालास, की मात्र हातातलं टाकून धावत यायचे.

गाडीतलं पाणी पिऊ नकोस.
तुझी आई