तारा का मंद झाला

३ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ. हे सवयीने लिहिलं. मनात या घडीला आशीर्वाद एकही नाही.

तुझ्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर माझं नाव! ‘ताऱ्याभोवती परग्रहवासीयांचं बांधकाम : वेधशाळेतील संशोधिकेचा दावा.’ मी कधी दावा केला रे? भावाला घरगुती पत्र लिहिलं होतं. तारा मधूनच मंद होतो, त्याची कारणं काय असतील ते सांगितलं होतं. आमचा कॅमेरा बिघडला असेल, धूमकेतूंचा थवा आडवा जात असेल, एखाद्या फुटलेल्या ग्रहाचा चुरा असेल, किंवा नुसती धूळ. शेवटी गंमत म्हणून लिहिलं की नाहीतर तिथे कुणाचंतरी बांधकाम रखडलं असेल. चारही कारणं गिळलीस आणि गंमत तेवढी छापलीस!

काल वेधशाळेच्या प्रमुखांनी सगळ्यांदेखत सांगितलं की दुर्बिणीवरची माझी वेळ दुसऱ्यांना दिली. अकरा महिन्यांचं काम गेलं. टेबलावर कुणीतरी चांदीच्या कागदाची उडती तबकडी करून ठेवली होती.

उत्तर पाठवू नकोस.
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मान खाली घालूनच लिहितो आहे.

मी चारही कारणं दिली होती. संपादकांनी ती कापली आणि मथळा बदलला. पान छपाईला जाण्याआधी मी ते पाहिलं, आणि गप्प बसलो. पहिल्या पानावर माझी बातमी पहिल्यांदाच लागत होती. खरं कारण एवढंच.

पण माझाही राग ऐकून घे. ताऱ्याबद्दलचं ते पत्र म्हणजे दोन वर्षांतलं तुझं पहिलं लांबलचक पत्र. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुझ्या दोन ओळी आल्या. कुठला कोण तारा जरा मिणमिणला तर तू जागची हलत नाहीस. आई ते कात्रण घेऊन शेजारीपाजारी फिरते आहे. तिला काय सांगू?

खुलासा छापा म्हणालो, तर संपादक हसले. म्हणाले, खुलासे कुणी वाचत नाही. मग तुमच्या प्रमुखांनाच सहीनिशी कळवलं की पत्र खासगी होतं, मी न विचारता छापलं. त्याची प्रत संपादकांना दिली. आता मला हवामानाच्या कोपऱ्यात बसवलं आहे.

रागावलीस तरी लिहीत जा.
तुझा बारक्या

२ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. उ. आ. या वेळी मनापासून, पण मोजून.

तुझं पत्र फाडलं, मग बसून चिकटवलं. आईबद्दलचं झोंबलं. झोंबायलाच हवं होतं.

तुझं सहीचं पत्र पोचल्यावर प्रमुखांनी वेळ परत दिली. तारा पुन्हा मंद झाला. शेजारचे तारे जसेच्या तसे, म्हणजे कॅमेऱ्याचा दोष नाही. निळा प्रकाश जास्त घटला, तांबडा कमी. भिंत असती तर दोन्ही सारखेच अडले असते. तेव्हा ती बारीक धूळच. कुठून आली ते मात्र अजून कुणालाच ठाऊक नाही.

तुझ्या संपादकांचा फोन आला होता. धूळ म्हटल्यावर त्यांचा उत्साहच मावळला. सातव्या पानावर चार ओळी देऊ म्हणाले. मी इतकी ओरडले की शेजारच्या खोलीतले उठून आले. सांगितलं, लिहील तर माझा भाऊ, अख्खा लेख, मथळा त्याचा. नाहीतर दुसरीकडे देते. आज होकार आला.

शनिवारी येते. आईला डॉक्टरांकडे मी नेईन. बातमी खोटी होती हे तिला तू सांगायचं, मी नुसती शेजारी उभी राहीन. स्टेशनवर ये. आधी भांडेन, मग घरी येईन.

ताई