निकाल सांगायचा राहिला

सोमवार, ३ मार्च

आजही कोरं. जाग आली तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती – उजवा हात अंगाखाली सापडून बधिर झालाय. बधिर हात म्हणजे स्वप्न नव्हे.

आत्याला मात्र काल परत पडलं. तिला पडतंच. सकाळी आई चहा ओतते, आत्या बशीवर फुंकर मारते आणि सुरू – "वहिनी, काल दादा आला होता गं." बाबा तक्रार करत होते म्हणे. वर सगळीकडे पांढराच रंग, भिंती पांढऱ्या, ढग पांढरे, वैतागलोय, एक डबा पिवळा पाठवून द्या. जन्मभर लोकांची घरं रंगवणाऱ्या माणसाने दुसरं काय मागायचं? आई हसली. मग तिने कप उचलला.

माझ्या धाकट्या भावाच्या स्वप्नातही एकदा येऊन गेले. गॅरेजमधून येऊन पाय न धुता झोपणाऱ्याच्या! माझ्याकडे एकदाही नाहीत. आणि बोलायचं तर मलाच आहे. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा म्हणाले होते, "निकाल लागला की आधी मला सांगायचं. जगाला मागाहून." निकाल लागायच्या आधी तेच गेले. घरातली पहिली पदवी, आणि जगाला सांगून झालं. क्रम चुकला तो चुकलाच.

वाचनालयातून पुस्तक आणलंय. स्वप्न चालू असताना 'हे स्वप्न आहे' असं ओळखायला शिकता येतं. एकदा ओळखलं की हव्या त्या माणसाला बोलावायचं, हवं ते बोलायचं. त्याला सजग स्वप्न म्हणतात. अभ्यासाने येणारी गोष्ट असेल तर मला येईल. अभ्यास मला येतो.

मंगळवार, ४ मार्च

धडा पहिला – आधी स्वप्नं लक्षात राहायला हवीत. जाग आली की हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत, हाताशी येईल ते टोक धरून मागे मागे जायचं. आज अगदी ओंडक्यासारखी पडून राहिले. आईने हाका मारल्या, हलले नाही. मग आत्या आली. नाकाखाली बोट धरून बघितलं आणि स्वयंपाकघराकडे ओरडली, "आहे!"

मला हसू आलं. टोक सुटलं.

गुरुवार, ६ मार्च

आठवलं! निळं काहीतरी.

शनिवार, ८ मार्च

बादली होती.

रविवार, ९ मार्च

पुस्तक म्हणतं, निजताना स्वतःला बजावा – मला माझी स्वप्नं आठवतील, मला माझी स्वप्नं आठवतील. काल बजावत होते. पलीकडच्या अंथरुणातून धाकटा म्हणाला, "आणि मला माझी झोप लागेल, मला माझी झोप लागेल."

सकाळी त्यालाच आठवलं. त्याच्या स्वप्नात मी होते. बडबडत होते म्हणे.

बुधवार, १२ मार्च

प्रगती आहे. पण कसली! आज अख्खं स्वप्न आठवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, लिहूनही काढलं. मी दुकानात चष्म्याचा बारका स्क्रू शोधत होते. काउंटरखाली, कपाटामागे, पुसायच्या फडक्यात. सापडला नाही. संपलं.

दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून हेच करते. निदान दिवसाचा पगार तरी मिळतो.

धाकट्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, हे विसरलीस तरी चाललं असतं."

शुक्रवार, १४ मार्च

स्क्रूच. आज सापडला, पण दुसऱ्या चष्म्याचा निघाला.

खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. लवकर निजा, निजण्याआधी मोबाइल नको, उठल्याबरोबर लिहा – एवढं सगळं एका स्क्रूसाठी? आत्या काही करत नाही, दिवाणावर आडवी होते आणि तिच्याकडे बाबा गप्पा मारायला येऊन बसतात. काल म्हणे त्यांना तिकडे मुकादम केलंय. हाताखालची माणसं कामचुकार आहेत. आई चहा पीत पीत विचारत होती, "आणि शिडी? शिडी धड आहे का तिथे?" शिडीचीच भीती होती तिला जन्मभर. बाबा शेवटी गेले ते तापाने.

पुस्तकात कंटाळ्यावरही उतारा आहे – आपण हे कशासाठी करतो ते एका वाक्यात लिहून ठेवा. लिहिते. मला बाबांना निकाल सांगायचा आहे.

झालं. उद्यापासून परत.

रविवार, १६ मार्च

जमलं!! जमलं आणि गेलं.

स्वप्नात मी दुकानाची पायरी झाडत होते. झाडूला दांडाच नव्हता, तरी झाडत होते. वाटलं, हे कसं काय? आणि एकदम कळलं – हे स्वप्न आहे! मी स्वप्नात आहे आणि मला ते ठाऊक आहे! इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की जागीच झाले.

पुस्तक म्हणतं, आनंद आवरा. आता हे कसं आवरायचं ते पुढच्या प्रकरणात असावं.

सोमवार, १७ मार्च

धडा दुसरा – तपासण्या. दिवसभर अधूनमधून स्वतःला विचारायचं, मी जागी आहे ना? स्वप्नातली अक्षरं एकदा वाचून परत वाचली तर बदलतात. घड्याळ धड राहत नाही. हाताची बोटं कमीजास्त होतात. जागेपणी सवय लावली की स्वप्नातही आपोआप तपासलं जातं.

माझ्यासारखी सोय कुणाची नसेल! दुकानातल्या तपासणीच्या खोलीत अक्षरांचा तक्ता भिंतीलाच टांगलेला. येता-जाता वाचते. एकदा वाचायचं, मान वळवायची, परत वाचायचं. सरांनी विचारलं, "तुझे डोळे ठीक आहेत ना? दुकानाचं नाव जाईल."

सर म्हणजे दुकानाचे मालक. डोळे तपासतात छान. चष्मे विकतात त्याहून छान. गिऱ्हाईक कुणीही असो, फ्रेम कुठलीही असो, आरसा पुढे धरून म्हणणार, "शोभतो हो तुम्हाला." लांब तोंडाला शोभतो, गोल तोंडाला शोभतो. काल एका बाईंनी चुकून नवऱ्याचा घातला, तोही शोभला.

मंगळवार, १८ मार्च

हे लिहू की नको? लिहिते. रोजनिशी आहे, तिच्याशी काय लपवायचं.

सकाळी तक्ता पुसला, वाचला. खालची ओळ तर पाठच आहे. मग एक ट्रकवाले काका आले. परवान्यासाठी डोळ्यांचा दाखला हवा होता. बाकावर बसून ते उघड्या दारातून तक्त्याकडे बघत ओठ हलवत होते. मला वाटलं, काही जप वगैरे असेल. सरांनी मला मागच्या खोलीतून रिकामी खोकी आणायला पाठवलं.

परत आले. सवयीने दारातून तक्ता वाचला.

अक्षरं बदललेली! एकूणएक!

घड्याळाकडे बघितलं. घड्याळच नव्हतं. भिंतीवर नुसता खिळा.

तिसरी तपासणी बोटांची. ती केली नाही. दोन पुरावे पुष्कळ वाटले. शिकलेल्या माणसाने असं करू नये.

आनंद आवरला. हे मात्र लिहून ठेवण्यासारखं – ह्या वेळी आवरला. सर खोलीचं दार ओढून घेत बाहेर आले. स्वप्नच आहे तर म्हणून मी शांतपणे म्हटलं, "सर, तुम्ही सगळ्यांना शोभतो म्हणता. कुणालाही शोभत नाही." सर बघतच राहिले. स्वप्नातली माणसं बघत राहतात, पुस्तकात आहे.

पुस्तकात हेही आहे – हव्या त्या माणसाला शोधत फिरू नका. तो बंद दारामागे आहे असं मनात पक्कं धरा आणि दार उघडा.

मी दारापाशी गेले. डोळे मिटले. पक्कं धरलं. दार उघडून म्हटलं, "बाबा, मी पास झाले."

आतल्या खुर्चीत ट्रकवाले काका. एका डोळ्यावर काळी झाकणी. झाकणी न काढता म्हणाले, "अभिनंदन, बाळ. मी झालो का तेवढं साहेबांना विचार."

मग बोटं मोजली. पाच.

काका ओळी पाठ करतायत हे सरांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी तक्ता उलटा फिरवला होता. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं असतात हे मला महिनोन्‌महिने तो पुसूनही ठाऊक नव्हतं. घड्याळाचे सेल बदलायचे म्हणून ते ड्रॉवरवर काढून ठेवलेलं.

सरांनी काढून टाकलं नाही. "घरी जा, नीट झोप काढ," म्हणाले. मी पायरी उतरताना मागून हळूच आवाज आला – "कुणालाच नाही का गं शोभत?"

काका पास झाले नाहीत. चष्मा लागला.

मंगळवार, संध्याकाळ

घरी सगळं सांगितलं. धाकटा भिंतीला धरून हसला. आत्या हसता हसता रडायलाच लागली. आई हसली नाही. "काय म्हणालीस दार उघडून?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती शिलाई मशीनवर जाऊन बसली.

भांडी घासताना आत्या म्हणाली, "पोरी, कशाला जिवाचा आटापिटा करतेस? मला तरी कुठली स्वप्नं पडतात!"

मला वाटलं थट्टा करतेय.

"आईशप्पथ. डोकं टेकलं की मी गेले, ती सकाळीच. दादा गेला तेव्हा तुझी आई चहा पुढ्यात घेऊन बसायची. साय धरेपर्यंत. एक दिवस काय बोलावं सुचेना म्हणून म्हटलं, काल दादा आला होता. तिने कप उचलला. मग काय, रोज आणायला लागले त्याला."

"म्हणजे पिवळा रंग? मुकादम?"

"सुचतं मला," ती म्हणाली. जरा अभिमानानेच.

मी भडकले. म्हटलं, आत्या, हे खोटं आहे. ज्याला विश्वासाने विचारतात त्याने खरं सांगायला हवं. ती म्हणाली, "बरं. ती कढई दे इकडे."

मशीनचा आवाज चालू होता. आईला ऐकू गेलं नसावं.

शुक्रवार, २१ मार्च

पुस्तक परत केलं. वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, "उपयोग झाला?" म्हटलं, एका गृहस्थांना चष्मा लागला.

शनिवार, २२ मार्च

आत्या लेकीकडे गेली. तिथे बाळंतपण आहे, आता दोन-तीन महिने तरी येत नाही. जाताना माझ्या कानात म्हणाली, "चहाकडे बघ."

रविवार, २३ मार्च

बघितलं. साय धरली. आईने तो तसाच बेसिनमध्ये ओतला.

धाकट्याला खुणावलं, तू सांग काहीतरी. तो म्हणाला, "मला पंक्चर दिसलं." आई "हं" म्हणाली.

मी खोटं बोलणार नाही. कुणीतरी ह्या घरात खरं धरून राहायला हवं.

सोमवार, २४ मार्च

परत ओतला.

मंगळवार, २५ मार्च

बोलले.

"आई, काल बाबा आले होते." तोंडातून निघून गेलं. आईने मान वर केली. आता पुढे? आत्याला सुचतं, मला कुठे सुचतं! म्हटलं, खुर्चीवर बसले होते. बरे दिसत होते. निळा शर्ट. चष्मा...

"चष्मा?" आई म्हणाली. "त्यांना कधी होता चष्मा?"

धाकट्याला ठसका लागला. बाबांची नजर म्हणजे, तिसऱ्या मजल्यावरून खालच्या भिंतीवरचा ब्रशचा केस दिसायचा त्यांना. माझं डोकं दुकानातच राहतं, दुसरं काय! म्हटलं, "नवीन लागला असेल. वय होतंच ना तिकडेही."

"कुठून घेतला?"

"मिळतो तिकडे."

आई माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मग तिने कप उचलला. गार झाला होता, तरी सगळा प्यायली.

"निकाल सांगितलास का?" तिने कप ठेवता ठेवता विचारलं.

हो म्हणून मोकळी झाले असते. पण तेवढं एक मला जमलं नाही. "नाही," म्हटलं. "राहूनच गेलं."

बुधवार, २६ मार्च

आज मी उठायच्या आधीच आईने चहा ओतून ठेवला होता. धाकटा येऊन बसेपर्यंत थांबली. आई कधी स्वप्न सांगत नाही. तिला पडतात की नाही हेही आम्हाला माहीत नाही.

"काल हे आले होते," ती म्हणाली. "आल्या आल्या तुझा निकाल विचारला. मी सांगितला. दोनदा सांगायला लावला."

मी बोटं मोजली नाहीत.

"चष्मा होता," ती म्हणाली. "शोभत होता."