उंदरांना तोंडावाटे अर्क देऊन पाहण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
प्राणी-प्रयोग नैतिकता समिती,
औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय, कोल्हापूर.

दिनांक : १६ ऑगस्ट २००४

विषय : मंजूर प्रयोगात अर्क टोचण्याऐवजी तोंडावाटे देण्यास तातडीने परवानगी मिळणेबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : माझ्या तिसऱ्या अर्जावरील आपला शेरा, "पुढील बैठकीत ठेवावे."

महोदय,

१. मी एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात शिकते. राधानगरीच्या रानातील एका वेलीच्या पाल्याचा अर्क मधुमेही उंदरांच्या पोटात सुईने टोचला असता त्यांची साखर उतरली, हे आपणांस ज्ञात आहेच. अर्क थोडाच निघाल्याने टोचण्याचा मार्ग निवडण्यात आला होता. तोंडावाटे दिल्यास तो जठरातील आम्लात टिकतो की नाही, हे तपासलेले नाही. या प्रयोगाच्या बातमीत वेलीचे नाव वर्तमानपत्रात आल्यापासून ते पुन्हा लिहिण्याचे धाडस होत नाही.

२. सदर बातमीतून टोचण्याचा उल्लेख जागेअभावी गळला. माझे वडील श्री. गुरुपाद कोरी यांचे गडहिंग्लजला किराणा दुकान आहे व त्यांना जुना मधुमेह आहे. त्यांनी कात्रण चौकटीत बसवून तराजूच्या वर टांगले, डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या आणि रोज सकाळी त्या पाल्याचा काढा पिणे सुरू केले. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ते पाला फुकट वाटतात. लेकीच्या औषधाचे पैसे घ्यायचे नसतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

३. टोचलेले वेगळे आणि प्यालेले वेगळे, हे मी त्यांना परोपरीने समजावले. त्यांचे उत्तर जसेच्या तसे देते : "सुईनं पोटातच घातलंस न्हवं? मी तोंडातनं घालतोय. जातंय पोटातच की." माझी आई मल्लव्वा हिने शपथा घातल्या, जेवण सोडले. शेवटी ते एवढ्यावर आले आहेत : "उंदराला तोंडातनं देऊन दाव. न्हाय उतरली तर गोळ्या घेतो."

४. मार्ग बदलणे म्हणजे नवा प्रस्ताव होय आणि घशात नळी घातल्याने उंदरांना क्लेश होतील, असे आपण कळवले. उंदरांची काळजी मलाही आहे. परंतु पुढील बैठक दिवाळीनंतर आहे, आणि वडिलांच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली आहे. डॉक्टर आता पाय वाचवण्याची भाषा करतात. प्रयोग फसला तर माझा प्रबंध बुडेल, हे जाणून आहे. तो फसावा अशीच माझी इच्छा आहे. मी फार घाबरले आहे, महोदय. अर्जात असे लिहीत नाहीत, तरी लिहिते.

परवानगी देणे शक्यच नसल्यास दुसरी विनंती. विनामंजुरी चाललेला प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार समितीच्या नियमांनी आपणांस दिलेला आहे. हाच पाला तोंडावाटे देण्याचा प्रयोग सध्या गडहिंग्लज येथे आमच्या घरी एका प्राण्यावर चालू आहे. त्यास कोणाचीही मंजुरी नाही. साखर दर तपासणीत चढतेच आहे. मी सांगून तो बंद होत नाही, कारण मी मुलगी आहे आणि त्यांना माझा अभिमान आहे. आपण अध्यक्ष आहात, आपले ऐकतील. काढा ते न्याहारीआधी घेतात, तरी पहाटेच्या गाडीने यावे. एस.टी. स्टँडवर मी उभी राहीन.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
शांभवी गुरुपाद कोरी

सोबत : बातमीच्या कात्रणाची प्रत, वडिलांच्या रक्ततपासणीचे कागद.